जोतिबाचा गुलाल जांभळा

मंगळवार, संध्याकाळ

मुरगूडच्या लग्नाचा अल्बम आज परत आला. नवरा-नवरी लग्नानंतर जोतिबाला गेलते, तिथला गुलालात माखलेला फोटो मी मधल्या पानावर मोठा घेतलाय. मुलाच्या आईनं स्टुडिओत सगळ्यांसमोर तेच पान उघडलं. "पावणं, जोतिबाचा गुलाल कवापास्नं जांभळा झाला वो?"

जांभळा! स्क्रीनवर तर मीच हातानं गुलाबी केलता. म्हणजे मॉनिटरच गंडलाय, दुसरं काय? रंग तपासायचं यंत्र घ्यायलाच पाहिजे. भारीतलं झेपत नाही. म्हणून शाहूपुरीतल्या एका मित्राचं साधं, स्वस्तातलं यंत्र बघायला आणलं. पटलं तर तसलंच घेऊ.

स्क्रीनवर लावलं. सगळे रंग तपासून झाले, तर म्हणे स्क्रीन ठीक आहे! मग गुलालाचा मूळ फोटो उघडला, मी अजिबात हात न लावलेला. मला सगळं पिवळट. नवऱ्याचा पांढरा सदरासुद्धा चहा सांडल्यागत. स्वस्तातलं ते स्वस्तातलंच, म्हणत चिडून सुमनला हाक मारली.

बायको पदराला हात पुसत आली. "गुलाल गुलाबीच हाय की. आन् सदरा पांढराशुभ्र. पिवळं कुठं दिसतंय तुमास्नी?"

एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. पिवळंच.

म्हणजे मला पिवळं दिसतंय म्हणून मीच निळा वाढवत होतो? कधीपासून? किती जणांच्या अल्बमात?

यंत्र चांगलं आहे. सुमनला सांगितलं, बिघडलंय, उद्या परत देतो.