सोळा जणी आणि नवऱ्याचं नाव

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. लोणावळ्यातल्या या खोलीत मी एकटीच असते. आई गेली, तुझ्या बरोबरीचं डोंगरावरच्या आपल्या वाडीत कोणी उरलं नाही. एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती तुलाच सांगण्यासारखी आहे.

तू पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिलास तेव्हा खालच्या गावाला आधी हसूच आलं. ज्यांच्या खाचरात आपण भातलावणीला वाकायचो, त्यांच्याच विरुद्ध तू! तुझं म्हणणं सरळ होतं. "दर डावाला इहीर मंजूर व्हती न् खालीच खणली जाती. तितं बोलाया आपला एक मानूस नको व्हय?" उन्हाळ्यात आई पाण्यासाठी डोंगर उतरायची, ते तू बघत होतास. अख्खी वाडी तुझ्या मागे होती. अडचण एकच. मतदारयादीत आपल्या बायका म्हणजे 'अमक्याची बायको', आणि नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही. वाडी सगळी एका भावकीची, त्यामुळे एकीच्या नवऱ्याचं नाव दुसरीलाही चालायचं नाही. आपले गडी सकाळीच मत टाकून मजुरीला पांगणार, आणि मतदान खालच्या गावच्या शाळेत, तिथं उमेदवाराला दाराशी थांबता येणार नाही. उरले मी, सातवीतली, वाडीतली एकटी शिकलेली. "शाळंच्या दाराशी हुभी ऱ्हा. सायबानं इचारलं की नाव तू सांगायचं." त्यासाठी तू मला नवं परकर-पोलकं आणलंस. किती मिरवले मी त्यात!

मतदानाचा दिवस. आईसकट सोळा जणी एकमेकींचा पदर धरून रांगेत उभ्या आहेत. गुडघ्यापर्यंत लुगडी, कडेवर पोरं, आणि हसणं काही थांबत नाही. पायरीवर माझ्या वर्गातल्या मुली बसल्या आहेत. त्यातली एक विचारते, "ह्या कोण गं तुझ्या?"

"कुणी न्हाईत," मी म्हणते, आणि शाळेच्या मागे निघून जाते.

भिंतीला पाठ लावून मी सगळं ऐकलं. साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं. कोणी बोलेना. "नाव ठावं न्हाई अन् मत द्यायला आल्यात," असं कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. सोळाही जणी तशाच माघारी डोंगर चढून गेल्या. तू नऊ मतांनी पडलास.

निकाल ऐकून आलास आणि जन्मात पहिल्यांदा आईवर ओरडलास. "एक डाव नाव घेतलं आसतंस तर जीभ झडली आसती का? आन् पोर कुटं व्हती?"

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला ताप आलता. मीच घरी धाडली."

तू लगेच माझ्या कपाळाला हात लावलास. चुलीपाशी बसून ते तापलेलंच होतं. "व्हय, कडत हाय," म्हणालास, आणि तुझी घोंगडी माझ्या अंगावर घातलीस. आईनं पुढं कधी तो विषय काढला नाही, माझ्यापाशीही नाही. तू परत उभा राहिला नाहीस. वाडीत विहीर झाली ती आई गेल्यानंतर.

हे पत्र कुठं धाडणार? इथंच राहील. मला ताप नव्हता, बा. आणि त्या घोंगडीत मला छान झोप लागली होती.