अर्धवट ओढलेली तार

रविवार, १४ मार्च

प्रिय ठमे,

आज सकाळी अकरा ते एक तुझ्या बाबांची शोकसभा झाली. सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे होते. स्टेजवर त्यांचा फोटो आणि शेजारी काळी गिटार. सात जणांनी वाजवलं. मी दोन वाजता घरी आले, जेवले आणि लिहायला बसले. तू आली नाहीस म्हणून आत्याने तोंड वाकडं केलं. "पोटची पोर, आणि एवढी कसली ऐट!" म्हणाली. मी म्हटलं, तिच्याकडे दातांच्या कवळ्या बनवायचं काम फार साठलंय.

सातही जणांनी एकच धून वाजवली, बाबांच्या गाजलेल्या रेकॉर्डवरची. एका दाढीवाल्याने सांगितलं की ब्लूज म्हणजे काय, हे त्याला त्या धुनेतून कळलं. तार वर ओढायची, पण सुरापर्यंत पोचू द्यायची नाही, केसभर अलीकडेच सोडायची. आज आपल्याकडे ब्लूज वाजवणारा जो तो तशीच तार सोडतो, आणि ही सरांची देणगी, म्हणाला. लोकांनी डोळे पुसले. तुला ती धून माहीत नसेल. बाबांची रेकॉर्ड लागली की तू दुकानातूनसुद्धा बाहेर पडतेस.

त्यांची शिकवणी मात्र तू विसरली नसशील. जेवणाच्या टेबलाशी तू, आणि डोक्याशी ते लोखंडी पट्टी घेऊन. "पूर्ण ओढ! अर्ध्यात काय सोडतेस? हात आहेत की कापूस?" चौदा वर्षांची होतीस, बोटांत तेवढा जोरच नव्हता. पट्टी सांध्यांवर बसायची. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी शाळेचे पेपर तपासत असायचे. गणितातली चूक मला लांबून दिसते. ही दिसत नव्हती असं नाही.

त्याच वर्षी खिडकीची काच लागून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं काही महिने अधू झाली होती. कुणाला कळू दिलं नाही. रेकॉर्डची एक धून तेवढी वाजवायची राहिली होती. तुला स्टुडिओत नेलं, सराव म्हणून. तू तीन तास वाजवलंस. घरी आल्यावर ते म्हणाले, ऐकवत नव्हतं, पुसून टाकायला लावलं.

पुसलं नव्हतं. आज सगळ्यांनी वाजवली ती धून तीच, तुझ्या हातची. रेकॉर्डिंगवाल्या काकांना माहीत होतं, ते गेले. मला माहीत होतं. बोटं बरी झाल्यावर बावीस वर्षं बाबा स्टेजवर तुझी नक्कल करत होते, आणि तीही त्यांना नीट जमली नाही. तार पूर्ण ओढायची सवय जाईना.

दुसऱ्या दिवशी तू स्वयंपाकघरात आलीस. "आई, तू तरी खरं सांग, इतकं वाईट होतं?" मी भांडी विसळत होते. मी "हो" म्हटलं. तुझा हात त्यातला नाही, असंही म्हटलं. तसं म्हणायला मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात एकाचंच नाव व्हायचं तर ते त्यांचं व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं. तू गिटार कपाटावर ठेवलीस ती पुन्हा खाली काढली नाहीस.

हे पत्र माफीसाठी नाही. तू ती देणार नाहीस, आणि मागितली तर मला माझीच चीड येईल. आज शेवटी माझ्या हातात माईक दिला. दाढीवाल्याने विचारलं, "काकू, ती धून त्यांना सुचली कशी?" आज सांगायचंच, असं ठरवून मी घरून निघाले होते. मी म्हणाले, "त्या दिवशी ते फार खुशीत होते." टाळ्या पडल्या. चारचौघांत जमलं नाही म्हणून तुला एकटीला लिहितेय. तू हे लोकांपुढे मांडलंस आणि ते मला विचारायला आले, तर मी तुझ्या बाजूने बोलेन असं धरून चालू नकोस.

आता पाकीट चिकटवते आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते. उद्यावर ठेवलं तर टाकणार नाही.

तुझीच,
आई