लिंबोणीवरच्या अळ्या

खैरटोला, पो. लाखनी, जि. भंडारा
बुधवार, दि. ८ सप्टेंबर १९८२

आदरणीय सुमनबाई यांस,
यादोरावाचा सप्रेम जयभीम.

पवनीहून आलेलं तुमचं पत्र मिळून दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण माझी दाढ, असं तूर्त धरून चाला. बदलीच्या शाळेत तुमचं बस्तान बसलं, वैनगंगेचं पाणी मानवलं, हे वाचून बरं वाटलं. इकडे धान गुडघाभर झाला आहे. आठवीच्या वर्गाचं छप्पर गळतं, म्हणून संस्कृतातलं वर्षाऋतूचं वर्णन मी तिथेच शिकवतो. अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तुम्ही विचारलंत, तुमच्या लिंबोणीवर फुलपाखरांचे कोष किती लागले? सांगतो. आधी आपल्या मुख्याध्यापकांचं ऐका.

शिक्षणाधिकारी शनिवारी येणार असं कळलं आणि आनंदरावजींना तुमच्या बागेचा एकाएकी पुळका आला. तीन वर्षं जिला ते ‘सुमनबाईंचं रान’ म्हणत, तिच्यापुढे पाटी लागली : ‘फुलपाखरांचे उद्यान’. मग पाटीखाली उभं राहून त्यांनी लिंबोणीकडे पाहिलं, आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

“गुरुजी, हे पानं कोणी खाल्ले?”

“फुलपाखरांनी,” मी म्हणालो. “लहानपणी.”

“अन् हे घाण?”

घाण म्हणजे तुमच्या अळ्या. आनंदरावजींनाही दोष कसा द्यावा? कोवळ्या वयात त्या हुबेहूब पाखराच्या शिटेसारख्या दिसतात, हे तुम्हीच आम्हाला दाखवलंत. मोठ्या झाल्या की हिरव्या, लिबलिबीत. बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढतात आणि ओकारी येईल असा वास सोडतात. तुम्ही त्या तळहातावर घेऊन मुलींना दाखवायचात, तेव्हा मी शेजारी उभा राहून ‘वा, छान’ म्हणायचो. खोटं होतं ते, बाई. मला किळस यायची. संस्कृतात कीट म्हणजे किडा आणि किट्ट म्हणजे मळ. एका टकाराचं अंतर. ते मनाशी घोकत मी हात धोतराला पुसायचो. अळीला न लावलेला हात.

तर हुकूम निघाला : फुलपाखरं पाहिजेत, अळ्या नकोत. आनंदरावजी स्वतः बी.एस्सी. आहेत, हे तुम्ही विसरला असाल म्हणून आठवण करून देतो. गुरुवारी त्यांच्या शेतावरून धानावर मारायची पावडर आली आणि लिंबोणीवर मारली गेली.

शनिवारी साहेब आले. फुलपाखरू एक नव्हतं. मुलींकडून घोटीव कागदाची करवून घेऊन ती दोऱ्यानं फांद्यांना बांधली होती. साहेब व्हरांड्यातूनच म्हणाले, “वा! रंग काय खुललेत!” जवळ गेले नाहीत, बागेत चिखल होता आणि आत पोहे होते. मला त्या सगळ्या तमाशाची शिसारी आली. पोहे मात्र मी खाल्ले.

आता दाढेचं सोडा. दाढ ठीक आहे. वर्गात कोणी कर्मणी प्रयोग केला की मी विचारतो, “कर्ता कुठे लपवलास रे?” वर ‘मारली गेली’ असं लिहिल्यापासून हात अडखळतो आहे.

पावडर मी मारली.

आनंदरावजींनी डबा आधी नत्थूला दिला होता. शिपाई माणूस, नोकरी अजून कच्ची. तो म्हणाला, “माह्यानं नाही होत जी. बाईनं मले झाड राखाले सांगतलं हाय. अन् अळ्या मारल्या त फुलपाखरं कोठून येतीन?”

“तू मले शिकवून राहिला का?” आनंदरावजी ओरडले.

नत्थूनं डबा खाली ठेवला. तो मी उचलला. मला कोणीही सांगितलं नव्हतं. शनिवारी त्याच झाडाखाली मुली मी रचलेले स्वागताचे श्लोक म्हणणार होत्या. साहेबांच्या खांद्यावर अळी पडली तर माझं शार्दूलविक्रीडित कोण ऐकणार? तोंडाला पंचा बांधून मी पानापानावर भुकटी टाकली. आधी बरंच वाटलं, बाई. मग त्या साऱ्यांनी एकदम शिंगं बाहेर काढली. तो वास सुटला. त्यांच्याजवळ लढायला तेवढंच होतं.

पाऊस आला म्हणून श्लोक झालेच नाहीत.

सोमवारी नत्थूनं मेलेला बुलबुल आणून माझ्या टेबलावर ठेवला. चोचीत अळी होती. “तुमचा हाय जी,” म्हणाला, आणि घंटा द्यायला गेला.

१९ तारखेला, रविवारी, तुम्ही पवनीच्या मुली घेऊन बाग बघायला येणार. आनंदरावजी म्हणतात, “लिहून टाका, रस्ता खराब आहे.” रस्ता चांगला आहे. बागेत मात्र बघण्यासारखं काही राहिलं नाही. कुंपणाकडच्या रुईवर चार-दोन अळ्या दिसतात. तिथवर मी पोचलो नव्हतो. लिंबोणीला मुलींनी हात लावू नये, भुकटी अजून बेचक्यांत आहे.

या, किंवा येऊ नका. पण आलात, तर मुली विचारतील, हे कोणी केलं? तेव्हा माझी लाज राखायला म्हणून तुम्ही मध्ये बोलू नका. मला बोलू द्या.

‘आपला’ असं लिहायचा अधिकार उरला की नाही, ते तुम्ही ठरवाल, तोवर नुसताच,

यादोराव