जाळ्यांच्या खोलीतून

डोंबिवली (पूर्व)
दि. २० जुलै १९९७

प्रिय हरी,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक, आईचा गुडघा सोडून. सांगलीला तुझं आणि तुझ्या मावशींचं बरं चाललं असेल. कॉलेज नवीन, मुलं नवीन, म्हणून तुला पत्र लिहायला जमलं नसेल असं मी धरून चाललोय. माझेही दीड-दोन महिने असेच गेले.

मुद्द्याचं आधी सांगतो. आपला बँड, ‘ओहोटी’, बंद पडलेला नाही. दर रविवारी दुपारी मी पश्चिमेला मोठागावात जातो, गुणाजीच्या घरामागच्या त्याच जाळ्यांच्या खोलीत. पावसात होड्या बंद, त्यामुळे सगळी जाळी आता आत रचून ठेवलीयत, पार छतापर्यंत. मार्चमध्ये आपला आवाज भिंतीवर आपटून परत यायचा आणि कोण काय वाजवतंय ते कळायचं नाही, तो प्रकारच संपला. जाळी आवाज गिळून टाकतात. आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले की स्टुडिओत याच कामासाठी भिंतींना जाड कापड लावतात. आपल्याला सुक्या मासळीच्या वासासकट स्टुडिओ मिळाला.

दुसरा शोध गुणाचा. त्याच्या बोटीवरच्या भावाने आणलेली ती आरडाओरड्याच्या गाण्यांची कॅसेट आठवते ना, जिच्या कागदावर बारीक अक्षरात ‘मेटलकोर’ लिहिलंय? त्यातला तो धडधड आवाज ऐकून तू म्हणालेलास की दोन ड्रमर असणार. एकच आहे. दोन्ही पायांनी दोन ढोल मारतो. गुणाने बँजो पार्टीतल्या चुलत्याकडून आणखी एक जुना ढोल आणला, आडवा बांधला आणि शिवणाच्या मशीनचं पायडल तोडून त्याला मारायचा दांडा केला. पहिल्या दिवशी पायडल उडून माझ्या नडगीवर बसलं. आता बरं चालतं. फक्त त्याचा डावा पाय उजव्याच्या जरासा मागे राहतो, आणि खरं सांगू, तेच ऐकायला छान लागतं. का लागतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

बेस वाजवायला अजून कुणी नाही. मी गिटारच्या तारा इतक्या सैल केल्यात की जुन्या रेडिओच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून होडीचं इंजिन चालू केल्यासारखा आवाज येतो.

आणि एक मजा. शब्द आपण उगीच इंग्रजीत लिहीत होतो. मराठीत ओरडून बघितलं. ‘ई’ ओरडताच येत नाही, घसा चिमटतो. ‘आ’ आणि ‘ओ’ मस्त सुटतात. ‘ळ’ तर असा लागतो की खोलीतले पत्रे वाजतात. म्हणून आता ‘नदी’ कापून ‘गाळ’ घातलंय. तू असतास तर अर्ध्या तासात सगळं गाणं बदलून टाकलं असतंस.

सगुणामावशी, म्हणजे गुणाची आई, चाळीस वर्षं बाजारात मासळीचा पुकारा करतायत, पण कधी घसा बसलेला नाही. आम्ही त्यांना जाऊन विचारलं, कसं काय? त्या म्हणाल्या, “गल्यातून नको वरडू र. पोटातून काढ. गला निसता दरवाजा हाय, त्येला कशाला मारतंस?” मग त्यांनी पोटावर हात ठेवायला लावून मला दहा वेळा ओरडायला लावलं. शेजारच्या म्हाताऱ्या उठून बघायला आल्या.

तू विचारशील, माझ्या जागी ओरडतं कोण? सध्या तात्पुरतं चाललंय. कुणी ना कुणी ओरडतं.

तुझा घसा कसा आहे? डॉक्टरांनी तीन आठवडे बोलू नको म्हटलं होतं, तेवढंच मला माहीत आहे. तुझ्या बाबांना भेटणं झालं नाही. रस्त्यात दोनदा दिसले, पण घाईत होते. किंवा मी होतो.

पत्र पाठव. गुणाही आठवण काढतो.

तुझा,
त्र्यंबक


डोंबिवली (पूर्व)
दि. २८ डिसेंबर १९९७

प्रिय हरी,

नमस्कार. तुझं पोस्टकार्ड दसऱ्याच्या सुमाराला मिळालं. पाचच ओळी, पण त्यातली चौथी मी रोज वाचतो: “बाबांकडे चुगली गुणाजीने केली हे मला माहीत आहे. त्याला सांग, मी त्याच्याशी या जन्मात बोलणार नाही.” 

ते मी गुणाला सांगितलं नाही. कार्ड दप्तरात ठेवून दिलं. पण त्याला तुझं वेगळं पत्र आलंच होतं, हे मला आत्ता आठवड्यापूर्वी कळलं.

क्रमाने सांगतो, नाहीतर मी पुन्हा ढोलाबद्दल लिहीत बसेन.

एकोणीस तारखेला कल्याणच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्हाला दहा मिनिटं मिळाली. एका नाचाच्या आणि एका नकलेच्या मधली. पहिल्या मिनिटाला पुढच्या दोन रांगांनी कानात बोटं घातली. दुसऱ्या गाण्याला मागची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. एक मुलगी नंतर विचारायला आली की तुम्ही चिडलेले असता का. गुणा म्हणाला, “नाही ओ, जेवून आलोय.”

ओरडणारा मी होतो. जुलैत मी ‘कुणी ना कुणी’ लिहिलं होतं. तो मीच, मार्चपासून.

उतरलो तर बाजूला तुझे बाबा उभे होते, बगलेत छत्री, डिसेंबरात. त्यांना गुणा घरी जाऊन बोलावून आलेला. मला पत्ताच नव्हता. ते म्हणाले, “याला गाणं म्हणतात का, हे मी विचारणार नाही. पण मला एक कळलं नाही. तू मधे श्वास कधी घेतोस?”

मी त्यांचा हात माझ्या पोटावर ठेवला, सगुणामावशींनी शिकवलेलं सांगितलं आणि करून दाखवलं. त्यांनी आणखी दोनदा करून दाखवायला सांगितलं. तुला माहीत आहेत ते, गणित सुटल्याशिवाय वही मिटत नाहीत.

“हे हरीला माहीत होतं?”

“नाही काका. तेव्हा आम्हाला कुणालाच नव्हतं.”

“म्हणजे तुम्ही आधीच त्या बाईंना विचारलं असतंत, तर त्याच्या घशातून रक्त आलं नसतं.” जरा थांबून म्हणाले, “आणि मीही जरा विचारपूस केली असती, तर त्याला सांगलीला धाडलं नसतं. मी घाबरलो. आता तो पत्रात फक्त हवापाणी लिहितो.” मग एकदम म्हणाले, “तू माझ्याकडे आला होतास, हे त्याला सांगितलंस का?”

मी नाही म्हटलं.

“मी तुला शब्द दिला, म्हणून गप्प आहे. पण त्याच्या मावशी कळवतात, तो सगळा दोष गुणाजीला देतो. मला ते ऐकवत नाही, त्र्यंबक. सांगायचं तर तू सांग.”

गुणा तीन हातांच्या अंतरावर बसून ढोलाची दोरी सोडत होता. त्याने मान वर केली नाही.

हरी, मार्चच्या पंधरा तारखेला, शनिवारी, वाचनालयाबाहेर तुझ्या बाबांना गाठून तुझ्या रुमालावरच्या रक्ताचं मी सांगितलं. तू मला शपथ घातलेलीस, तरी सांगितलं. आणि माझं नाव घेऊ नका अशी वर विनंती केली.

टेम्पोत सामान भरून आम्ही मोठागावात आलो. मी गुणाला म्हटलं, “तुला कळलं असेल.”

“मला मार्चमध्येच कळलं. त्या आठवड्यात तू माझ्याकडे बघत नव्हतास. मग हरीचं पत्रही आलं, चुगली माझ्या नावावर.”

“मग बोलला का नाहीस? हरीने तुला एवढं लिहिलं, तरी?”

“काय बोलणार? रुमाल मी पण बघितलेला. तू गेला नसतास तर मी जाणार होतो.” मग त्याने दाराला कडी घातली आणि म्हणाला, “पण मी हरीला सांगून गेलो असतो.”

हे वाक्य घेऊन मी घरी आलो. इथे थांबलो असतो तर पत्र बरं दिसलं असतं. मित्राची काळजी वाटली, तोंड उघडलं, नंतर धीर झाला नाही. तुझ्या बाबांनाही असंच वाटतं. तेही खोटं नाही. तो लाल रुमाल मला झोपेत दिसायचा.

पण त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, तू आला नव्हतास आणि गुणा दोऱ्या आणायला गेलेला. खोलीत मी एकटा होतो. तुझा माईक चालू होता. मी सहज ओरडून बघितलं. कसा कोण जाणे, आवाज लागला. मला घसा जाणवलाच नाही, फक्त पाठीत आणि पोटात काहीतरी उघडल्यासारखं वाटलं. मी पुन्हा केलं. चौथ्यांदा केलं तेव्हा गुणा दारात उभा होता. तो म्हणाला, “हे हरीपेक्षा बरंय रे.” त्याच्या मनात काही नव्हतं, तो ढोलालाही असंच म्हणतो. पण शुक्रवारभर माझ्या डोक्यात तेच वाक्य होतं, आणि शनिवारी मी वाचनालयापाशी उभा होतो.

रक्तासाठी किती गेलो आणि माईकसाठी किती, हे मी नऊ महिने स्वतःला विचारतोय. जाळी आवाज कशी गिळतात, ‘ई’ का ओरडता येत नाही, हे सगळं मला शोधून काढता येतं. हे एवढं येत नाही. एक मात्र खरं आहे. त्या शनिवारी तुझे बाबा ‘बरं केलंस’ म्हणाले तेव्हा मला हलकं वाटलं, आणि ते काळजी मिटल्याचं हलकं नव्हतं.

तुझ्या बाबांचा निरोप आहे. कल्याणच्या डॉक्टरांना दाखवून, त्यांनी हो म्हटलं तर मे महिन्यात तू ये. सगुणामावशींकडे शिकलास तर त्यांची ना नाही. मावशींनाही विचारलं, त्या म्हणाल्या, “येऊ दे त्येला, पन आधी म्हैनाभर निसता श्वास घ्यायला लावीन.” माईक तुझा. हे उपकार म्हणून लिहीत नाही, तो तुझाच होता. मी गिटार वाजवेन, किंवा तू नको म्हणालास तर तेही नाही.

पत्र टाकण्याआधी गुणाला वाचून दाखवलं. गुरुवारचा भाग त्याने मला पुन्हा वाचायला लावला. त्याचं ते वाक्य मला वाचनालयापर्यंत घेऊन गेलं, हे त्याला माहीत नव्हतं. मग म्हणाला, “टाक.” एवढंच. आणि पुढच्या रविवारी ये म्हणाला, पण नेहमीसारखं नाही.

लोभ असावा हे तुझ्याकडे मागायचा हक्क आता मला नाही. गुणाजीवर असावा.

त्र्यंबक