मास्तरचं नाव मोठ्या अक्षरात

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

पोरींचा खेळ काहून सुटते, या माझ्या प्रबंधासाठी आज गावच्या शाळेतल्या खेळाच्या मास्तरची मुलाखत घेतली. यानंच मले कबड्डी शिकवली. पण कापणी झाली की स्वतःचं धान पोरींच्याच मैदानावर वाळू घाले, पोरांच्या कधीच नाही. आमचा सराव बंद!

मले ओळखलंसुद्धा नाही त्यानं. "पोरीयलेच खेळाचा शौक नसते," म्हणे.

संशोधनाच्या नियमानं मी सांगितलं, प्रबंधात तुमचं नाव बदलून देते. तर चिडलाच. "कायले बदलता? खरं नाव टाका, मोठ्या अक्षरात!" तसं लिहून सहीही दिली.

निघताना पोरींच्या मैदानाचा फोटो काढला. आजही धानच वाळून राहिलं होतं.

टाकते ना, मास्तर. या फोटोखालीच टाकते.