मैदानावरचा मुलींचा तास

अकोला, मंगळवार, जानेवारी १९६१

नगरपालिकेच्या सभेहून आत्ताच आले. आमच्या वस्तीच्या मैदानाचा अर्धा खर्च पालिका देणार, अर्धा वस्तीतली तालीम. मी उठून मुलींसाठी रोज एक तास मागितला, फक्त एक तास. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रोज खेळायला पिटाळायच्या. इथे एक सभासद म्हणतात, "पोरीइनं घर पाहावं, बाई." मी म्हटलं, "त्या पाहतात म्हणूनच तुम्हाला इथे बसायला फुरसत आहे." सगळे हसले. तास काही मिळेना.

मग तालमीचे वस्ताद उठले. पहाटेच्या आरडाओरड्यावरून मी ज्यांच्याशी कायम भांडते, तेच. म्हणाले, "पोरीइले तास नसन, तं आमचा वाटाई नाई." अर्धा खर्च जाणार म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर. ठराव तासासकट मंजूर.

आभार मानायला वस्तादांना बाहेर गाठलं, तर रडूच आलं.

"काहून रडून राहिल्या, बाई? पोरीइले शिकवन कोन? तुमीच या."

हो म्हटलं. या वयात! निवृत्त झाल्यापासून कोणी मला कामाला बोलावलं नव्हतं. देवाचे आभार, आणि त्या आडदांड माणसाचेही.