तिरंगी शेड

प्रिय आबा,

काल आपल्या गावचे सरपंच सांगलीला माझ्या घरी आले. हातात नारळ, तोंडात साखर. "ताई, यंदा पंधरा ऑगस्टचा झेंडा तुमच्या हातानं! हवालदारांची लेक, पेपरात लिहिता, गावाचं नाव काढलंत!" हा विनोद तुमच्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

हाच माणूस, आबा! गेल्या श्रावणात तुम्हाला खांद्यावर घेऊन आम्ही गावच्या स्मशानातल्या शेडशी पोचलो, तर छत्री धरून आडवा उभा. "आवं, बौद्धवाड्याची जागा हाय की वढ्याला. रीत कशाला मोडता?" ओढ्याला छप्पर नाही. पोरांनी चितेवर ताडपत्री ताणून धरली, हात भाजले तेव्हाच सोडली. सीमेवर बर्फात टिकलेले तुम्ही, गावात ओल्या लाकडांवर दिवसभर धुमसत राहिलात.

आता त्याच शेडचा फोटो सरपंचांनी मोबाईलवर दाखवला. खांब केशरी, पांढरे, हिरवे! स्वातंत्र्यदिनासाठी रंगवलेत म्हणे. मढ्यांनाही देशभक्ती हवी, फक्त मढं योग्य जातीचं हवं.

पण तुमच्यावरही राग आहे माझा. दर पंधरा ऑगस्टला पितळी बटणं चिंचेनं घासायचात, कडक इस्त्रीत शाळेच्या पटांगणावर जायचात, आणि उभे कुठं राहायचात? शेवटच्या रांगेत! मी भडकले की म्हणायचात, "झेंडा आपला हाय गं. गाव कवा हुईल तवा हुईल." तुमच्या त्या 'तवा'च्या भरवशावर गाव तंगड्या पसरून बसलंय, आबा!

आई थकलीय. परवा म्हणाली, "मला तसं पावसात न्हेऊ नगा." एवढंच मागणं. स्वतंत्र देशाला झेपेल?

सरपंचांना सरळ विचारलं, "आईला ते शेड मिळेल?"

"आवं ताई, शुभ दिवसाच्या तोंडावर असला विषय?"

मी निमंत्रण घेतलंय. चहाही पाजला.

तुम्हाला शब्द देते. पंधरा ऑगस्टला दोरी हातात घेईन आणि सगळ्या गावासमोर तोच प्रश्न पुन्हा विचारीन. 'हो' ऐकल्याशिवाय ओढणार नाही. चिडलात ना, झेंड्याला ताटकळत ठेवते म्हणून? तुम्ही जन्मभर शेवटच्या रांगेत ताटकळलात. तोही थांबेल थोडा वेळ.

आपला आहे ना तो?

तुमची थोरली,
सुमन